बाईंच्या जबड्याखालचा पाव्हणा

आमच्या मोठ्या बाई डबा उघडायच्या, त्याआधीच त्यांचा पाव्हणा हजर व्हायचा. डब्यात कैरीचं लोणचं असलं तर झाकण निघायचीही गरज नसे. नुसता वास आला की उजव्या जबड्याखाली गोळा धरायला लागायचा आणि बघता बघता लिंबाएवढा व्हायचा. बाई हनुवटी वर करून अंगठ्याने तो गोळा मागून पुढे दाबत बसायच्या आणि दुसऱ्या हाताने मला खूण करायच्या, तू जेव. थोड्या वेळाने तोंडात काहीतरी खारट सुटायचं. बाई बाहेर जाऊन थुंकून यायच्या, पदराने तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "पोचवून आले गो पाव्हण्याला. मेला बरोब्बर जेवायच्या वेळेला येतो!"

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पोलादपूरच्या पुढे सावित्रीच्या काठाला आमची प्राथमिक शाळा, त्यात आम्ही दोघीच शिक्षिका. बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांची सगळीच फौज. दोघी महाडला राहायचो, सकाळच्या एसटीने पोलादपूरला यायचो आणि तिथून शाळेपर्यंत पायी. बाई उंच, सावळ्या, हाडापेराने दणकट. चालताना अशा झपाझप पावलं टाकायच्या की मी वयाने निम्मी असून मागे धापा टाकत असायचे. पावसाळ्यात बाई छत्री घेत नसत. डोक्यावर इरलं घालून यायच्या, लावणीला निघालेल्या बाया घालतात तसलं. मी एकदा म्हटलं, "बाई, मुख्याध्यापिकेनं इरलं?" तर म्हणाल्या, "छत्री एका हाताला कामाला लावते. माझे दोन्ही हात मोकळे हवेत." ते कशाला, हे मला त्याच दिवशी शाळेत पोचल्यावर कळलं.

बाईंची शिट्टी. त्याशिवाय बाईंची गोष्ट सांगताच येणार नाही.

शाळेची मुलं नदीपलीकडच्या वाड्यांमधली. एक वाडी डोंगराच्या पायथ्याला, एक त्याच्याही वर. शाळेला घंटा होती, रुळाचा तुकडा टांगलेला, पण तिचा आवाज नदी ओलांडता ओलांडताच दम तोडायचा. बाई ओट्यावर उभ्या राहायच्या, दोन्ही हातांची बोटं ओठांच्या कोपऱ्यात घालायच्या आणि अशी काही शिट्टी मारायच्या की माझ्या कानात दडे बसायचे. एक लांबलचक, न तुटणारी शिट्टी. ती नदीवरून पलीकडे जायची, डोंगराला लागायची आणि परत यायची. जरा वेळाने वरच्या वाडीतून मुलांची रांग उतरताना दिसायची.

एक लांब शिट्टी म्हणजे शाळा भरली. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे तपासणीचे साहेब आले. हे कोणी ठरवलं होतं देव जाणे, पण वाडीतल्या लहानथोराला पाठ होतं. एरवी शाळेत निम्मी मुलं. बाकीची गुरांमागे, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत घरी. पण दोन शिट्ट्या ऐकू आल्या की सगळी वाडी कामाला लागायची. साहेबासमोर बाईची मान खाली जाता कामा नये, हा त्यांचा कायदा. गुराख्याच्या हातातली काठी म्हातारा घ्यायचा, कडेवरचं पोर आजीकडे जायचं, डोक्यांना तेल लागायचं आणि पट पूर्ण भरायचा. साहेब खूश होऊन जीपकडे वळले की मुलंही डोंगराकडे वळायची. बाई त्यांच्या पाठमोऱ्या रांगेकडे बघत म्हणायच्या, "साहेबासाठी येतात, माझ्यासाठी नाय येत मेली." रागाने नव्हे, पण ते त्यांना लागायचं.

शिट्टी शिकल्या होत्या लहानपणी. महाडजवळच्या नाते गावाच्या बाजूला त्यांचं खेडं. दुसऱ्याची गुरं चारायला जायच्या. त्या मालकाच्या अंगणात पाय ठेवायची त्यांना परवानगी नव्हती. गुरं दारापर्यंत आणायची आणि लांबून शिट्टी मारायची, मग आतून कोणी येऊन गुरं गोठ्यात घेणार. मी ते ऐकून गप्पच झाले. बाई मात्र हसल्या. "गप कशाला बसतेस? त्यांच्या ढोरांवर शिकले, माझ्या पोरांना कामाला आली. फुकटचं शिक्षण!"

दर मार्चला त्या पांढरं पातळ नेसून चवदार तळ्यावर जायच्या, आणि एका वर्षी मलाही घेऊन गेल्या. माझा जन्म महाडचा, तळ्याच्या पाण्याने वाढले, पण त्या गर्दीत कधी शिरले नव्हते. शिरले आणि चुकलेच. माणसांच्या समुद्रात बाई दिसेनात. मी रडकुंडीला आले. इतक्यात पायऱ्यांकडून ती शिट्टी आली. आजूबाजूची माणसं दचकली, एका पोलिसाने आपलीच शिट्टी खिशात आहे का ते चाचपून पाहिलं. मी त्या आवाजाच्या दिशेने गेले तर बाई पायरीवर उभ्या, चेहरा नुसता फुललेला. "आलीस? बघ, वाडीतली पोरं येतात तशीच आलीस." मग माझा हात धरून मला पाण्यापर्यंत नेलं आणि ओंजळ भरून प्यायला लावलं. मग स्वतः प्याल्या.

हां, तर पाव्हणा. सुरुवातीला सगळे म्हणाले गालगुंड. बाई म्हणायच्या, "दर महिन्याला गालगुंड? माझं काय बालपण परत आलंय?" वाडीतल्या म्हाताऱ्यांनी गेरूचा लेप सांगितला, तो त्यांनी लावला, लाल जबड्याने वर्गात बसल्या. कोणीतरी गंडा आणून दिला, तो मात्र त्यांनी दारातूनच परत पाठवला. "या गंड्यादोऱ्यांतनं आम्ही एकदाचे उठून आलोय, आता जबड्यासाठी परत बसायचं नाय." मग महाडच्या एका दातवाल्याने दाढ काढली. गोळा होता तसाच. त्याने दुसरी काढली. बाई म्हणाल्या, "आता थांबा हो, जेवायला तरी ठेवा थोड्या."

शेवटी महाडच्या डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपलं आणि सांगितलं, लाळेच्या ग्रंथीत खडा असावा. आंबट चोखत जा, लाळ जोरात सुटली तर खडा वाहून निघेल. झालं! बाईंना आंबट म्हणजे जीव की प्राण. आता त्यांना डॉक्टरांचा हुकूम मिळाला. पिशवीत आंबोशी, चिंच, आवळा, जांभळाच्या दिवसांत जांभळं. कोणी टोकलं की म्हणायच्या, "औषध आहे माझं." खडा काही निघाला नाही. पाव्हणा मात्र दिवसातून चार वेळा यायला लागला.

आणि पोरांना त्याची खबर लागली. गणिताचा तास आला की मागच्या बाकावरून चिंच चोखल्याचा आवाज यायचा. चक्क मिटक्या मारत! बाईंच्या तोंडाला पाणी सुटायचं, पाव्हणा यायचा, बाई जबडा धरून ओट्यावर जायच्या आणि वर्ग मोकळा. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा बाई उठल्याच नाहीत. टम्म फुगलेल्या जबड्याने, दात आवळून, साऱ्या वर्गाकडून एकोणीसचा पाढा म्हणवून घेतला आणि वर चिंचेचं बुटूक मागून घेऊन स्वतः खाल्लं. मी दारात उभी राहून पोट धरून हसत होते. मागच्या बाकावरचा एक जण रडायला लागला, "बाई, नका ना खाऊ, दुखल तुम्हाला." चिंच आणणारा तोच होता.

पुढे तीन-चार वर्षांनी, गणपतीनंतर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. गोळा पिकला. ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना. मी त्यांच्या खोलीवर पेज घेऊन जायचे, ती चमच्याने घेतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. इंजेक्शनांनी उतरलं, पुन्हा भरलं. डॉक्टर म्हणाले, आता मुंबईला जा, हे कापल्याशिवाय भागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. बाईंचा भाऊ वरळीला, माझी मावशी दादरला, म्हणून मीही बरोबर.

मोठं सरकारी इस्पितळ. सर्जन तरुण होता, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर. त्याने फोटो उजेडात धरून दाखवला. जबड्याखाली एक पांढरा ठिपका होता.

"हा खडा. लाळ सुटते पण बाहेर पडायला वाट नाही, म्हणून जेवताना सूज येते. खडा तोंडाजवळ असता तर जिभेखाली चीर देऊन काढला असता. पण तो आत ग्रंथीतच आहे, आणि इतक्या वेळा पिकून ग्रंथीही खराब झालीय. ती सबंध काढावी लागेल. जबड्याखालून."

"मग लाळ?" बाईंनी विचारलं. "कोरड्या तोंडानं वर्गात काय बोलू?"

"दुसऱ्या ग्रंथी आहेत की. तोंड कोरडं पडणार नाही." मग तो जरा थांबला. "एक सांगून ठेवतो. खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी बारीक नस तिथूनच जाते. ती दुखावली तर ओठ थोडा वाकडा होतो. बहुतेक वेळा काही महिन्यांनी भरून येतं. क्वचित नाही येत."

बाई इतका वेळ मजेत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे शिट्टी?"

"काय?"

"शिट्टी, शिट्टी. वाजेल का नाय?"

"कसली शिट्टी?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी बोटं तोंडात घातली. मी "बाई, नको!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्या दगडी इमारतीत ती शिट्टी अशी घुमली की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले, कोणाच्या तरी हातातून ट्रे खाली पडला आणि एक नर्स धावत आली.

"अहो बाई, हे हॉस्पिटल आहे!" डॉक्टर ओरडला.

"तुम्हीच विचारलंत ना, कसली म्हणून?"

मला वाटलं आता हाकलून देतात. पण तो पोरगा हसला. पहिल्यांदाच. मग बाईंनी त्याला नदी, वाडी, घंटा सगळं सांगितलं. तो फोटो हातात धरून ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मी त्या नसेला जपेन. शब्द देत नाही, पण जपेन."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात बाईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्या घाबरलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "गो, नाय परत आली तर? मी काय त्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारत बसू? एवढी एकच गोष्ट मला कोणी शिकवली नाय, ती माझी मी शिकले." मी काहीतरी बोलले, धीर वगैरे. खरं तर मलाही रडू येत होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. ग्रंथी निघाली, आतला खडा निघाला, तुरीच्या दाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला आणि म्हणाला, "दात दाखवा." बाईंनी दाखवले. डावीकडचा ओठ खाली गेला, उजवा जागच्या जागी राहिला. हसणं वाकडं झालं होतं. डॉक्टरचं तोंड एवढंसं झालं. "नस शाबूत आहे, मी डोळ्यांनी बघितलीय. ताणली गेलीय फक्त. येईल," तो दोनदा म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातावर थाप मारली. "अहो डॉक्टर, तोंड माझं वाकडं झालंय, तुमचं कशाला वाकडं करता?"

खडा त्यांनी मागून घेतला. शाळा सुरू झाली त्या दिवशी काडेपेटीत घालून आणला आणि पोरांना दाखवला. "हा बघा पाव्हणा. आता गणिताच्या तासाला कोणी चिंच आणली तर मला काही होणार नाय, मी निम्मी मागून घेईन." पोरांनी खडा हातोहात फिरवला. एकाने चाटून पाहिला, त्याला मी धपाटा घातला.

त्या दिवशी बाई डबा उघडून निवांत जेवल्या. कैरीचं लोणचं, भात, सुक्या बोंबलाची चटणी. जबड्याखाली काही नाही, नुसता लाल व्रण. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वर्षानुवर्षं त्यांना मी पहिला घास सुखाने घेताना पाहिलंच नव्हतं.

पण शिट्टी नव्हती. रोज सकाळी बाई ओट्यावर उभ्या राहायच्या, बोटं घालायच्या आणि उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा निघून जायची. पहिल्या दिवशी ओट्यावरची पोरं हसली, बाईही हसल्या. मग हळूहळू हसायचं सगळ्यांचंच थांबलं. मी रूळ बडवायचे. पलीकडे कोणाला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. त्यात राबाचे दिवस आले. पेरणीआधी जमीन भाजायला डोंगरातून फांद्या-पाला आणायचा, त्याला घरटी सगळे हात लागतात. शाळेत बोटावर मोजण्याएवढी मुलं. बाई रिकाम्या बाकांकडे बघायच्या आणि पुन्हा ओट्यावर जायच्या. फुस्स. मला ते बघवत नसे, मी आत जाऊन फळा पुसत बसायचे.

अशाच एका सकाळी मी फळा पुसत असताना बाहेरून आवाज आला. फडकं टाकून धावले. बाईंच्या तोंडातून शिट्टी निघाली होती! मध्येच ओठाने दगा दिला, आवाज तुटला, बाईंनी बोटाने कोपरा दाबून धरला आणि उरलेली शिट्टी पुरी केली. आधी एक तुकडा, मग दुसरा. पण होती शिट्टीच. मी बाईंना मिठीच मारली. मुख्याध्यापिका वगैरे काही आठवलं नाही. "आली गो, आली," बाई म्हणत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

त्या गडबडीत डोंगराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

जरा वेळाने बघते तर वरच्या वाडीतून रांग उतरतेय. रांग कसली, जत्रा! पोरं, पोरी, डोक्यांना तेल, तोंडं धुतलेली. पालापाचोळ्याचे हात तसेच घेऊन निघालेले बाप पोरांना पुढे ढकलताहेत. ज्यांना दिवाळीपासून पाहिलं नव्हतं अशा मुली परकराचा ओचा धरून नदीतल्या दगडांवरून उड्या मारत येताहेत. सगळ्यांच्या पुढे धाकलू बाबा, वाडीतला सगळ्यात म्हातारा, नातीला हाताला धरून. ओट्यापाशी येऊन त्याने आधी दम खाल्ला, मग रस्त्याकडे बघितलं.

"सायब कुठं हाय वो बाई? जीप दिसत नाय."

बाईंना क्षणभर काही समजेना. मग मी बघितलं, त्यांच्या लक्षात आलं. तुटलेली शिट्टी वाडीने दोन शिट्ट्या म्हणून ऐकली होती. बाई नुकत्या आजारातून उठलेल्या, आणि त्यात साहेब आलेला. हातातली कामं टाकून सगळी वाडी बाईंचा मान राखायला धावली होती.

"साहेब नाय आला, बाबा," बाई म्हणाल्या. वाकडा ओठ थरथरत होता. "माझी शिट्टी आली."

बाबाने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "आत्ता! तुमचं ते बरं झालं व्हय?" मग मागे वळून ओरडला, "बाईची शिट्टी आली रे!" आणि नदीपर्यंत एकच गलका झाला. बाप लोक हसत हसत राबाच्या कामाला परत गेले. पोरांना न्यायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. त्या दिवशी आमचा पट पूर्ण भरला, आणि बघायला साहेब नव्हता.

दुसऱ्या दिवशीही शिट्टी तशीच तुटली. तिसऱ्या दिवशीही. वाडीला आता नुसत्या आवाजावरून कळायला मार्गच राहिला नाही, आज नुसती शाळा की साहेब. बाईची मान खाली जायला नको म्हणून पोरं धाडत राहिले, रोज. राब संपला, पाऊस आला, लावणी झाली, पोरं येतच राहिली. धाकलू बाबा भेटला की कुरकुरायचा, "काय वो, बाईच्या ओठाला अजून उतार नाय?" मी म्हणायचे, "नाही हो बाबा, नसच ती, वेळ लागतो."

आणि मला ते खरंच वाटत होतं. बाईंचं हसू सरळ झालं होतं, बोलणं स्वच्छ होतं, पण शिट्टी मात्र रोज सकाळी मध्येच तुटायची. मला वाईट वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस आम्हाला शाळेतून निघायला उशीर झाला. पोलादपूरच्या स्टँडवर पोचतो तर महाडची गाडी सुटून वळणाला लागलेली. मी "गेली!" म्हणून खाली बसले. बाईंनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली, बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. एकच. लांबलचक. कुठेही न तुटलेली. गाडी करकचून थांबली. स्टँडवरचे सगळे वळून बघायला लागले. मी तर बघतच राहिले.

"बाई!"

"उठ, पळ, गाडी थांबलीय."

आम्ही पळत जाऊन गाडी पकडली. जागा मिळाली, बाईंनी पिशवीतून आंबोशीचा तुकडा काढून गालात धरला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी त्या वळल्या, सरळ ओठांनी हसल्या आणि म्हणाल्या, "वाडीत बोलशील तर बघ."